विजयोत्सवाची चार तिकिटं

निकाल लागायच्या चार महिने आधीच आमच्या सभापतीने विजय साजरा करायची सोय करून ठेवली होती. तिकिटं चार. एक तिचं, एक तिच्या नवऱ्याचं, एक तटस्थाचं आणि एक माझं. शहरातल्या सगळ्यात मोठ्या क्रीडागृहात तिच्या लाडक्या गायिकेचा कार्यक्रम होता आणि त्याच दिवशी महापौराची निवडणूक. पाचला मतदान संपणार, आणि गाणी रंगात येईपर्यंत निकाल हातात पडणार. शिवाय गायिकेनेच जांभळ्या पक्षाचं प्रचारगीत गायलेलं. इतकं सगळं जुळून आल्यावर पिवळ्यांनी निवडणूक लढवायचा हट्ट तरी का धरावा, हे सभापतीला शेवटपर्यंत कळलं नाही.

'सभापती' हे तिचं शाळेपासूनचं नाव. सातवीत ती वर्गप्रमुखाची निवडणूक हरली आणि दुसऱ्या दिवसापासून निवडून आल्यासारखी वागायला लागली. जी खरी निवडून आली होती ती बिचारी वर्षभर फळा पुसत राहिली. पुढे सभापती शिक्षिका झाली आणि गेली बावीस वर्षं ती नागरिकशास्त्र शिकवतेय. 'मतदान : एक पवित्र कर्तव्य' या विषयावरचे निबंध तिने इतके तपासलेत, की त्यातलं 'पवित्र' चुकीचं लिहिलेलं असलं तर तिला झोपेतही कळतं.

तटस्थ हा आमच्याच वर्गातला. तो वजनमापे निरीक्षक आहे. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासतो. काटा बरोबर मध्यावर येऊन थांबला की त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं, ते लग्नाच्या दिवशीसुद्धा आलं नव्हतं, असं त्याची बायको म्हणायची. पुढे ती दुसऱ्या गावी राहायला गेली. त्यावरही त्याने आपलं मत दिलं नाही.

आणि मी. जुन्या बाजारगल्लीत सात दुकानांची एक रांग आहे, त्यात चौथं दुकान चष्म्यांचं, ते माझं. पुढे काचेचं कपाट, मागे डोळे तपासायची खुर्ची, भिंतीवर मोठ्या अक्षरांपासून मुंगीएवढ्या अक्षरांपर्यंतचा तक्ता. एकोणीस वर्षं मी तिथे लोकांना विचारतेय, "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं दिसत होतं?" निवडणुकीत हा प्रश्न कोणी विचारत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

तर जांभळ्यांच्या जाहीरनाम्यात तिसऱ्या पानावर एक रंगीत चित्र होतं. आमच्या गल्लीच्या जागी 'मुक्त प्रांगण'. मधोमध कारंजं, कडेने बाकं, बाकांवर आयुष्यात कधी कामाला न गेलेली हसरी माणसं, आणि एक लहान मुलगी फुगा उडवतेय. मी गल्लीचं माप मनात धरून नीट बघितलं. फुगा नेमका माझ्या डोळे तपासायच्या खुर्चीच्या जागी होता.

मी ते पान सभापतीला दाखवलं.

"किती सुंदर आहे गं!" ती म्हणाली.

"यात माझं दुकान कुठंय?"

"अगं, असा कोता विचार करू नये. शहराचा व्यापक विचार कर."

"व्यापकच करतेय. सातही दुकानं दिसत नाहीयेत."

"तुम्हाला दुसरीकडे जागा देतीलच ना ते."

"कुठे?"

"जाहीरनाम्यात असेल."

जाहीरनामा बेचाळीस पानांचा होता. त्यात 'स्वप्न' हा शब्द पानोपानी होता, दुकान हा एकदाही नव्हता. मी जाहीरनामा मिटला. पस्तीस वर्षांची मैत्री एका फुग्यापायी फोडायची नव्हती. आणि तिच्याशी वाद घालायचा तर आधी तिच्याकडून बोलायची परवानगी घ्यावी लागते.

पिवळ्यांचा उमेदवार म्हणजे पाणीखात्यातला निवृत्त अभियंता. त्याच्या भाषणात नळाच्या व्यासाखेरीज काही नसायचं. सभेला माणसं यायची आणि डुलक्या काढून ताजीतवानी होऊन घरी जायची. पण निदान त्या व्यासात माझं दुकान अडकत नव्हतं. माझ्या सासूबाई पहिल्यापासून त्याच्याच बाजूच्या, कारण तो त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावासारखा दिसतो. लोकशाहीत मत द्यायची याहून वाईट कारणं मी बेचाळीस पानं भरून वाचली होती.

मतदानाच्या दिवशी सकाळी सातला मी रांगेत पहिली. शाई लावणारे गृहस्थ सढळ हाताचे निघाले. डाव्या तर्जनीला नखापासून पेरापर्यंत त्यांनी अशी शाई फासली, की दिवसभर गिऱ्हाइकं मला विचारत होती, "दारात सापडलं का हो बोट?" मी पिवळ्यावर शिक्का मारला, चिठ्ठी घडी करून पेटीत टाकली आणि कोणाला अवाक्षर बोलले नाही. सासूबाईंनाही नाही. त्यांनी फक्त माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "छान केलंस."

पाच वाजता सभापतीच्या घरी जमायचं ठरलं होतं. दार उघडलं ते तिच्या यजमानांनी. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. आयुष्यभर गोष्टी वर जाताना आणि खाली येताना पाहिल्यामुळे त्यांना कुठल्याच गोष्टीचं फारसं काही वाटत नाही.

"आत जा," ते म्हणाले, "डोळे जपून."

सभापती आरशापुढे उभी होती. केसांत कपाळापासून मागे गेलेला जांभळा पट्टा, जांभळा घोळदार झगा आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत जांभळे रेशमी हातमोजे. गायिका तसेच घालते म्हणे. माझ्या साध्या कपड्यांकडे तिने उत्तरपत्रिकेकडे बघावं तसं बघितलं आणि कपाटातून आपला एक जांभळा सदरा काढून माझ्या अंगावर चढवला. ती उंचनिंच, धिप्पाड. मी तिच्या मागे उभी राहिले तर मी आहे हे सांगावं लागतं. सदऱ्याच्या बाह्या माझ्या बोटांच्या टोकापर्यंत आल्या.

तटस्थ राखाडी कपड्यांत आला.

"आज तरी?" सभापती म्हणाली.

"जांभळा आणि पिवळा समप्रमाणात मिसळले की असाच रंग होतो," तो म्हणाला. "मी घरी करून बघितलं."

गाडीत बसल्यावर सभापतीने ठराव मांडला आणि मंजूरही केला. कोणी फोन बघायचा नाही, निकाल मोठ्या पडद्यावर, सगळ्यांनी मिळून, एकदाच बघायचा. विजयाचा पहिला क्षण म्हणे उष्टा होता कामा नये.

"आणि हरलो तर?" तटस्थाने विचारलं.

"तू तराजू तपास," सभापती म्हणाली.

क्रीडागृहात वीसेक हजार माणसं होती आणि सगळी जांभळी. दिवे जांभळे, झेंडे जांभळे, पाण्याच्या बाटल्यांची झाकणं जांभळी. दारापाशी एका टपरीवर पाटी होती, 'शाईचं बोट दाखवा, थंड पेय मोफत मिळवा.' मी बोट दाखवलं, माझा पेला घेतला. तटस्थाने दाखवलं, त्याने घेतला. भाऊजींनी दाखवलं.

"तू घे ना," मी सभापतीला म्हटलं.

"हातमोजे काढायला फार त्रास होतो गं. आणि मी साखर सोडलीये."

भाऊजी पेल्यातला बर्फ बघत होते. बर्फात एवढं बघण्यासारखं काय होतं, ते मला नंतर कळलं.

गायिका पन्नास मिनिटं उशिरा आली. उशीर होतो तेव्हा कलावंत मोठा असतो, हे आम्हाला सभापतीने समजावून सांगितलं. मग एकदम अंधार झाला, धूर आला, जमीन हादरली, आणि त्या धुरातून हातमोजे घातलेली एक लहानखुरी बाई वर आली. सभापतीने अशी किंकाळी फोडली की पुढच्या माणसाने वळून सहानुभूतीने विचारलं, "पायावर पाय पडला का?" भाऊजींनी खिशातून कापसाचे दोन बोळे काढून कानात घातले आणि उरलेले मला देऊ केले.

गाणी वाईट नव्हती, खोटं कशाला बोला. दोन गाण्यांच्या मध्ये मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर मतमोजणीचे आकडे यायचे. पहिल्या फेरीत जांभळे चार हजारांनी पुढे. लोकांनी छत डोक्यावर घेतलं. सभापतीने मला मिठी मारली. तिच्या झग्यात तोंड बुडालेलं असताना मी 'अरे वा' म्हटलं. दुसऱ्या फेरीत जांभळे नऊशेंनी पुढे. पुन्हा जल्लोष, पण आता लोक मनातल्या मनात वजाबाकीही करत होते. तिसऱ्या फेरीला पडद्यावर अक्षरं आली, 'तांत्रिक अडचणीमुळे आकडे थोड्या वेळाने.'

तेवढ्यात माझ्या खिशात फोन थरथरला. सासूबाई. ठराव मंजूर झाला तेव्हा त्या सभागृहात नसल्याने त्यांच्यावर तो बंधनकारक नव्हता. मी "आलेच हं" म्हणत बायकांच्या स्वच्छतागृहात पळाले आणि शेवटच्या खोलीत शिरून कडी लावली.

"अगं, कुठायस? किती आरडाओरडा चाललाय!"

"कार्यक्रमात आहे, आई. बोला लवकर."

"आपला माणूस पुढे गेला! बाराशेंनी! तुझा नवरा म्हणतोय फेरमोजणी होईल, पण त्याला काय कळतंय. मी त्याला चहा करायला पाठवलंय."

मी फोन बंद केला. डोळ्यांपुढून तो फुगा फुटून गेला. मी दोन्ही मुठी आवळल्या आणि दबक्या आवाजात म्हणाले, "हो! हो! हो!"

शेजारच्या खोलीतून तसाच दबका आवाज आला, "हो!"

मी कडीवर हात ठेवला. मग दोन्ही कड्या एकदम उघडल्या. बाहेर आली ती क्रीडागृहाची सुरक्षारक्षक, चांगली दणकट बाई, छातीवर जांभळी फीत. आम्ही दोघी शेजारी शेजारी हात धुवायला लागलो. आरशात एकमेकींकडे अजिबात पाहिलं नाही.

"फार वाईट झालं," ती गंभीरपणे म्हणाली.

"फारच," मी म्हणाले.

परत आले तेव्हा तांत्रिक अडचण चालूच होती. गायिका गाण्यामागून गाणी म्हणत होती, पण तिची नजर सारखी पडद्यामागे जात होती. लोकांनी आता ठराव-बिराव मोडून फोन काढले होते. हजारो चेहरे खालून उजळले होते, आणि त्यावर आनंद शोधूनही सापडत नव्हता. फक्त सभापती निष्ठेने पडद्याकडे बघत नाचत होती. तिच्या बाजूला तिचा नवरा, कानात कापूस, चेहऱ्यावर दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टची शांती.

शेवटी संगीत थांबलं आणि पडद्यावर आकडा आला. फेरमोजणीनंतर पिवळा उमेदवार विजयी. त्रेसष्ट मतांनी.

वीस हजार माणसं एकाच वेळी गप्प झालेली मी आयुष्यात प्रथमच ऐकली. सभापतीचे हात नाचता नाचता वरच थांबले. मग ते खाली आले. मी तिचा चेहरा बघितला, आणि स्वच्छतागृहातला माझा सगळा आनंद कुठल्या कुठे गेला. सातवीतला निकाल फळ्यावर लिहिला गेला तेव्हा ती अशीच दिसत होती.

गायिका माइकशी आली. डोळ्यांतला रंग गालावर उतरला होता.

"त्रेसष्ट!" ती म्हणाली. "फक्त त्रेसष्ट! मित्रांनो, ज्यांनी मत दिलं त्यांच्यावर माझा राग नाही. ज्यांनी दिलंच नाही, त्यांनी आज आपल्या बोटाकडे बघावं! ज्यांनी दिलं, त्यांनी बोट वर करावं! अभिमानाने!"

हजारो डावे हात वर गेले. दिवे त्या हातांवरून फिरायला लागले आणि दिव्यामागून कॅमेरा. पडद्यावर एकेक माणूस दिसायचा, रडवेला चेहरा आणि शाईचं बोट, आणि लोक टाळ्या वाजवायचे. मीही हात वर केला. माझं बोट तर त्या दिवशी तीन रांगांतून दिसलं असतं.

आणि अर्थात कॅमेऱ्याला कोण सापडावं? जांभळा पट्टा, जांभळा झगा, जांभळे हातमोजे, सहा फुटांची बाई. सभापतीचा चेहरा पडद्यावर तीन मजले उंच झाला.

"बघा, बघा!" गायिका हुंदका देत म्हणाली. "माझ्यासारखे हातमोजे घालून आल्यात! ताई, हातमोजा काढा! जगाला बोट दाखवा!"

सभापतीने आधी उजवा हातमोजा काढायला घेतला. अगदी सावकाश, एकेक बोट सोडवत. लोकांनी ताल धरला, "बोट! बोट! बोट!" उजवा हात बाहेर आला. तो स्वच्छच असणार, त्याला शाई लावतच नाहीत. पण मग ती थांबली. डाव्या हाताकडे तिने असं पाहिलं की मला सगळं कळलं. थंड पेयाची साखर कळली, भाऊजींचा बर्फ कळला.

"शाई नाहीये?" मी मागून पुटपुटले.

तिने मान वळवली नाही. फक्त म्हणाली, "मला ने इथून."

नेणार कुठून? चारही बाजूंनी लोकशाही उभी होती. आणि ती चिडलेली होती, तिला त्रेसष्ट माणसं हवी होती, निदान एक तरी. मागून कोणीतरी ओरडलं, "काढत का नाहीये ती?" दुसरा म्हणाला, "दिलंच नसेल!"

मी काय केलं ते ठरवून केलं नाही. मी सभापतीचा डावा हात कोपरापाशी धरून पाठीमागे ओढला, तिच्या दंडाआडून माझा हात बाहेर काढला, सदऱ्याची बाही मागे सारली आणि बोट वर केलं.

पडद्यावर सभापतीचा भेदरलेला चेहरा, आणि शेजारी पेरापर्यंत काळंकुट्ट बोट. हात तिच्या मानाने जरा आखूड दिसत होता. पण लोक दुःखात होते, माप काढायच्या मनःस्थितीत नव्हते.

माप काढणारा एकच माणूस जवळ होता. तटस्थाने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात प्रथमच घसा फोडून ओरडला, "बाईंचा विजय असो!"

पुढच्यांनी उचललं, मग त्यांच्या पुढच्यांनी. "बाईंचा विजय असो!" सगळं क्रीडागृह दुमदुमलं. गायिकेने छातीवर हात ठेवून आमच्या दिशेने मान लवली. वीस हजार जांभळ्या माणसांनी पिवळ्यावर शिक्का मारून आलेल्या माझ्या बोटाला उभं राहून मानवंदना दिली. तशी ती उभीच होती म्हणा, बसायला जागा कुठे होती.

कार्यक्रम संपला, आम्ही गाडीत बसलो. भाऊजींनी कानातला कापूस काढून खिशात ठेवला. मग सभापती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी गेले होते."

"कुठे?" मी विचारलं.

"मतदानाला. केंद्राच्या फाटकापर्यंत गेले. रांगेत उभी राहिले. समोर भिंतीवर ते प्रांगणाचं चित्र चिकटवलेलं होतं. फुग्यावालं. मला तुझी खुर्ची आठवली. म्हटलं, जांभळ्यावर शिक्का मारला तर हिचं दुकान जाणार. पिवळ्यावर मारायला हात होईना. शेवटी परत फिरले."

मी तिचा हात धरणार, तेवढ्यात पुढून भाऊजींचा आवाज आला.

"पार्लरची वेळ पण अडीचची होती."

"त्याचा इथे काय संबंध?" सभापती कडाडली.

"काही नाही. रांग लांब होती, एवढंच सांगितलं."

यातलं खरं कुठलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. दोन्ही असावीत. माणसाचं मन काही वजनमापे खात्याने तपासून शिक्का मारून दिलेलं नसतं.

"मी दोघांनाही दिलं," तटस्थ मध्येच म्हणाला.

"काय दिलंस?"

"मत. दोघांच्याही नावापुढे एकेक शिक्का."

"अरे, मग ते बाद झालं!"

"समतोल झालं," तो म्हणाला. मग जरा थांबून काळजीने त्याने विचारलं, "पण मघाशी मी ओरडलो, ती बाजू घेणं झालं का?"

"झालं," मी म्हणाले.

तो पुढचा सगळा रस्ता अस्वस्थ होता.

उरले मी. सगळ्यांनी आपापलं ओझं उतरवल्यावर माझंच तेवढं का वागवा? मी म्हणाले, "सभापती, ते बोट पिवळं होतं."

"शाई काळी असते."

"मत पिवळं होतं गं."

गाडी वळणावर वळली. सभापती माझ्याकडे वळली. "म्हणजे एवढ्या लोकांसमोर, माझ्या तोंडाशेजारी, माझ्या नावावर तू पिवळं बोट नाचवलंस?"

"तुझं स्वतःचं कुठे होतं?"

भाऊजींच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. आधी मला वाटलं गाडी खड्ड्यातून जातेय. ते हसत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, लग्नाच्या फोटोतही नाही. सभापतीने त्यांच्या पाठीत हातमोजा मारला, मग माझ्या, आणि मग तीही हसायला लागली. हसता हसता रडली, रडता रडता म्हणाली, "त्रेसष्टच होती गं, त्रेसष्टच." आणि मी तिला थोपटत राहिले. आमचा माणूस निवडून आला होता आणि मी पडलेल्या पक्षाचं नाक पुसत होते.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी तो फोटो गावभर झाला. सभापतीचा चेहरा, शेजारी बोट, खाली ओळ, 'पराभवातही ताठ'. शाळेच्या मुख्याध्यापकांनी तो मोठा करून सूचनाफलकावर लावला आणि तिला सगळ्या वर्गांपुढे मतदानाच्या कर्तव्यावर बोलायला सांगितलं.

ते भाषण झाल्यावर ती थेट माझ्या दुकानात आली. पिशवी काउंटरवर आपटली आणि डोळे तपासायच्या खुर्चीत बसली.

"काय बोललीस?" मी विचारलं.

"खरं बोलले."

"म्हणजे?"

"व्यासपीठावर उभी राहिले. भाषण लिहून नेलं होतं, ते बाजूला ठेवलं आणि सरळ सांगितलं. म्हटलं, मुलांनो, मी त्या दिवशी मत दिलं नाही. ते बोट माझं नाही, मैत्रिणीचं आहे. बावीस वर्षं मी तुम्हाला जे शिकवलं ते मी स्वतः केलं नाही, आणि आम्ही त्रेसष्ट मतांनी हरलो."

मी हातातली चष्म्याची काडी खाली ठेवली. हे म्हणजे सभापतीने माफी मागितल्यासारखं होतं. तशी नोंद इतिहासात नव्हती.

"मग? मुलं काय म्हणाली?"

"हसली. त्यांना वाटलं मी उदाहरण देतेय. एक मुलगी उभी राहिली, 'बाई, पण फोटो आहे ना!' मी म्हटलं, अगं, नीट बघ, तो हात माझा वाटतो का? तर मुख्याध्यापक पुढे आले आणि म्हणाले, 'पाहिलंत, याला विनय म्हणतात.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन मिनिटं."

"अगंबाई."

"पुढच्या वर्षीच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तो फोटो घ्यायचा विचार चाललाय म्हणे."

ती खुर्चीत मागे रेलली. मी तिचा चष्मा उतरवून बघितला. एक दांडी सैल झाली होती, कार्यक्रमात नाचताना झाली असणार. मी बारीक पेचकस घेऊन स्क्रू आवळायला लागले.

"ऐक," ती डोळे मिटून म्हणाली, "पुस्तकात खाली नाव कोणाचं घालायचं, यावर आपण मतदान घेऊया का?"

"मतदान कोणाकोणाचं?"

"आपल्या चौघांचं."

"तटस्थ दोघींनाही देईल."

"त्याला बोलवायचंच नाही मग," सभापती म्हणाली, आणि ठराव मंजूर झाला.